रात्री घोडीजवळ कोण जागणार?

इंदूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देते.

वय ४७. ते आणि त्यांची १५ वर्षांची मुलगी गेली ४ वर्षं महूच्या बाजूच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची मारवाडी घोडी घेतली. दहावीची परीक्षा संपली की घोड्यांवरून जंगलात जाऊ आणि तंबू ठोकून राहू, असं त्यांनी मुलीला कबूल केलं आहे. बेत असा: एप्रिलचा पहिला आठवडा, चोरल, कालाकुंड, जानापावचा परिसर, ३ रात्री, रोज २५ ते ३० किलोमीटर. चार स्वार: ते, मुलगी, थोरले बंधू आणि १९ वर्षांचा पुतण्या. एक घोडी घरची, बाकीची तीन जनावरं तबेलेवाले देणार, पण मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारी माणसं) देणार नाहीत. चारा जंगलातला, पाणी ओढ्याचं, रात्री शेकोटी. पत्नीचा ठाम नकार आहे. ‘रात्री घोडीला काही झालं तर कोण बघणार?’ एवढं एकच ती विचारते. ते लिहितात, ‘तिला बिबट्याची भीती वाटते, ती घोडीच्या नावाखाली लपवते आहे.’ थोरल्या बंधूंचं म्हणणं, ‘होळकरांच्या मुलखात राहतो आणि घोड्यावरून तीन रात्री काढता येत नाहीत?’ मुलगी मात्र अलीकडे विषय निघाला की गप्प होते. रोज तबेल्यात जाते, घोडीला खरारा करते आणि परत येते. त्यांचे प्रश्न दोन आहेत: पत्नीला कसं समजवायचं, आणि सोबत काय काय न्यायचं?

प्रिय भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वहिनींच्या त्या एका वाक्याशी थांबले. तुम्ही त्याला सबब म्हणता. मला तो तुमच्या अख्ख्या बेतातला सगळ्यात जाणता प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर पत्रात कुठेही नाही. मोतद्दार येणार नाही, डॉक्टरांचं नाव नाही, रात्रीच्या पाळ्या ठरलेल्या नाहीत. वहिनींना कसं समजवायचं हा प्रश्न म्हणूनच थोडा बाजूला ठेवू या. त्यांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर तयार करा. ते तयार झालं की समजावणीची गरज बहुधा उरणार नाही.

बिबट्याचं आधी सांगते, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. आपल्या चोरल-महूच्या जंगलात बिबटे आहेतच, आणि २०२३ च्या मे महिन्यात महूच्या लष्करी परिसरातल्या कॅमेऱ्यात वाघही दिसला होता. तेव्हा सावध राहायलाच हवं. पण पूर्ण वाढीच्या घोड्यावर बिबट्या सहसा जात नाही. कुत्रं, शेळी, वासरू त्याला सोपं पडतं. (म्हणून तबेल्यातला कुत्रा हौसेनं सोबत नेऊ नका.) खरा धोका एक पाऊल पुढे आहे. बिबट्याचा नुसता वास आला तरी घोडा बिथरतो, दोर तोडतो आणि अंधारात घराच्या दिशेनं सुटतो. घराच्या दिशेला तुमचा खंडवा रोड आहे, आणि त्या घाटात रात्रभर ट्रक चालतात. घोडा दगावला तर तो बहुधा जनावराच्या तोंडी जाऊन दगावणार नाही. दोर आणि गाठ चुकली म्हणून डांबरावर दगावेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी नर्मदेच्या काठी एका मुक्कामाला मी माझी घोडी लांब दोरानं खुंटाला बांधली होती. तिला मोकळं चरता यावं, एवढाच विचार. पहाटे उठले तेव्हा दोराचा वेढा तिच्या मागच्या पायात, खुराच्या वरच्या सांध्याला बसलेला होता आणि ती घामानं भिजून थरथरत उभी होती. कातडी हाडापर्यंत सोलली होती. दीड महिना ती लंगडत होती. रात्री तिच्याजवळ कोणीही जागं नव्हतं. वहिनींचा प्रश्न वाचला आणि तीच पहाट आठवली.

आपल्याकडे पूर्वी घोडे अगाडी-पिछाडीनं, म्हणजे पुढून एक आणि मागच्या पायांना एक अशा दोरांनी, बांधत. ते उत्तम, पण सवय नसलेली घोडी पिछाडीला घाबरून स्वतःला इजा करून घेते. तुमच्यासाठी सोपी रीत ही: दोन जाड झाडांच्या मध्ये, घोड्याच्या डोक्याच्याही वर, एक मजबूत दोर ताणून बांधायचा. झाडाच्या सालीला दोर काचू नये म्हणून बुंध्याभोवती रुंद निवार गुंडाळायची. त्या आडव्या दोराला प्रत्येक घोड्याची मोरखी (तोंडावर चढवायची, लगाम नसलेली बांधणी) एका दोरानं बांधायची. मोरखीचा हा दोर एवढाच लांब, की तोंड खालच्या वैरणीपर्यंत पोचेल पण पाय दोरावरून पलीकडे जाणार नाही. दोन घोड्यांत लाथ लागणार नाही इतकं अंतर. आणि गाठ सुरगाठ, निरगाठ नाही. घोडा अडकून धडपडू लागला की एका ओढीत सुटली पाहिजे. ही गाठ चौघांनाही डोळे मिटून मारता आणि सोडता येईपर्यंत बाहेर पडू नका. प्रत्येक मोरखीला फोन नंबरचा बिल्ला लावा. आणि लगामानं घोडा कधीही बांधू नका; झटका बसला तर जबडा फाटतो.

आता पोटाकडे येते. बेत खरा अडतो तो इथे.

पावणेचारशे किलोच्या आसपासच्या घोड्याला रोज सात-आठ किलो कोरडी वैरण लागते आणि तीस-चाळीस लिटर पाणी, उन्हात त्याहूनही जास्त. तुमच्या चार जनावरांना तीन दिवसांत जवळजवळ शंभर किलो वैरण आणि दिवसाला दीडशे लिटर पाणी. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो. चोरलची नदी तेव्हा डोहाडोहांत उरलेली असते आणि लहान ओढे कोरडे पडलेले असतात. त्या डोहांवर गावची गुरंही असतात आणि जंगलातली जनावरंही येतात. शिवाय सागाची पानं गळून जमिनीवर पाचोळ्याचा थर साचलेला असतो. वणव्याच्या त्या दिवसांत शेकोटी करायची नाही, छोटीसुद्धा नाही.

जंगलातला चारा हा विचार तर सोडूनच द्या, दोन कारणांसाठी. पहिलं कायद्याचं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव जंगलात गुरं चारणं आणि आग लावणं हे दोन्ही गुन्हे आहेत, आणि त्या कायद्यात ‘गुरं’ या शब्दाच्या व्याख्येत घोडा, घोडी, तट्टू, खेचर सगळे येतात. तुमची घोडी कागदावर गाय-म्हशीच्या ओळीतच उभी आहे. रालामंडळसारख्या अभयारण्याला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे त्याहून कडक नियम लागतात. तिथे घोड्यांचा मुक्काम मनातही आणू नका.

दुसरं कारण घोड्याच्या पोटाचं. घोड्याचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. चारा एकदम बदलला की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळानं घोडा काही तासांत जाऊ शकतो. तबेल्यात जी वैरण आणि जी चंदी (दाणा) चालू आहे तीच सोबत न्यायची. बदलायचीच असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून थोडी थोडी मिसळत बदलायची. पाण्याच्या काठाची बेशरम, रानातली घाणेरी, धर्मशाळा-विश्रामगृहांच्या कुंपणाची कण्हेर ही तिन्ही विषारी आहेत. कण्हेरीची थोडी पानंही घोड्याला पुरतात. मुक्कामाची जागा बघताना सावलीच्या आधी हे बघायचं.

तुमच्या दादांना माझा नमस्कार सांगा, आणि एक आठवण द्या. पूर्वजांचा दाखला द्यायचा तर पुरा देऊ या. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ दळवटण्याला पावसाळ्यासाठी ठेवलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना पाठवलेलं १६७० च्या दशकातलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात पराक्रमाचं काही नाही. दाणावैरण आताच उधळलीत तर पुढे मिळणार नाही आणि घोडी मरतील, त्याचा दोष तुमच्यावर येईल. मग तुम्ही रयतेच्या घरून दाणा, भाकरी, गवत, भाजी ओढून आणाल. चुलीजवळ, तमाखू ओढताना गवताची काळजी घ्या. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि वैरणीला आग लागेल. एवढ्या बारकाईनं महाराज घोड्याच्या वैरणीचा विचार करत होते. होळकरांच्या फौजा लांबलांबच्या मजला मारत, ते खरंच. पण ती जनावरं आणि ते स्वार रोज त्याच कामावर होते. तुमची घोडी रोज पाऊण तास गोलात फिरते, हे तुम्हीच लिहिलं आहे.

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं कोडं आहे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. पाऊण तासाच्या घोडीला एकदम ३० किलोमीटर चालवलं तर ती पहिल्या दिवशी नेईल. घोडी स्वभावानं भिडस्त असते, स्वार बसला की जाते. दुसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर, खुरात आणि पायाच्या कंडरांत (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांत) त्याची किंमत दिसेल. घोड्याचा दम लवकर वाढतो. हाडं आणि कंडरा मजबूत व्हायला कितीतरी महिने लागतात. स्वार फसतो तो इथेच, कारण घोडी ताजीतवानी दिसत असते.

म्हणून माझं म्हणणं, एप्रिल सोडा. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा नाताळच्या सुटीत जा. तेव्हा ओढ्यांना पाणी असतं, हवा थंड असते, पावसाळ्यानंतरच्या गोमाशा कमी झालेल्या असतात. त्या माशांमुळे सर्रा नावाचा रक्ताचा रोग पसरतो, तेव्हा ऑक्टोबरची घाईही नको. (पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नका. २०११ च्या जुलैत पाताळपाणीच्या धबधब्याला एकाएकी लोंढा आला आणि माणसं वाहून गेली, ते इंदूर विसरलेलं नाही.) एप्रिल-मेमध्ये पहाटे तास-दीड तास नुसत्या चालीनं फिरवा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो, तेव्हा जमेल तेवढं. सप्टेंबरच्या शेवटापासून आठवड्यात चार दिवस, अंतर हळूहळू वाढवत, चढ-उतारावर. मग डिसेंबरात दिवसाला १५ ते १८ किलोमीटर आणि दोन रात्री. घोडा चालीनं तासाला सहाएक किलोमीटर जातो, म्हणजे सकाळी निघून ऊन चढायच्या आत मुक्काम. उताराला सगळ्यांनी खाली उतरून घोडा हातानं न्यायचा. कालाकुंडच्या बाजूचा उतार तर पायीच.

आता दादा. तुम्ही त्यांचं वजन ९४ किलो लिहिलं आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावं, असा सर्वसाधारण नियम आहे. पावणेचारशेच्या घोड्याला तो हिशोब ७५ किलोला संपतो. तुम्हाला हे थोरल्या भावाला तोंडावर सांगणं जड जाईल, मला कळतं. पण त्यांच्याकडे जीप आहे आणि ही मोहीम जीपशिवाय होऊच शकत नाही. वैरण, पाण्याच्या टाक्या, तंबू, औषधं घेऊन मुक्कामाच्या जागी आधी पोचणं, गावकऱ्यांशी बोलणं, रात्री अपरात्री डॉक्टरांना आणायला जाणं, हे सगळ्यात जबाबदारीचं काम आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यालाच शोभतं. तसंच सांगा, कारण ते खरंच आहे. स्वार तीन, घोडे तीन. वैरणीचा बोजा ७०-७५ किलोवर येतो.

मुक्काम खुद्द जंगलात नको. जंगलाला लागून असलेल्या एखाद्या शेतात, मालकाची परवानगी घेऊन राहा. विहीर असते, माणसं हाकेच्या अंतरावर असतात, घोडे चोरीला जाण्याची धास्ती कमी. दिवसा जंगलाच्या वाटांनी फिरण्यासाठी इंदूरच्या वनमंडलाधिकाऱ्यांकडे महिनाभर आधी लेखी अर्ज द्या. स्वारांची नावं, घोड्यांची संख्या, तारखा आणि वाट, सगळं त्यात लिहा. चोरल आणि महूच्या रेंज ऑफिसात जाऊन त्या बीटच्या नाकेदाराला, म्हणजे वनरक्षकाला, भेटा. कुठल्या नाल्यात सध्या काय वावरतंय हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्यानं ‘या बाजूला नको’ म्हटलं की ती बाजू सोडायची.

तब्येतीचं थोडक्यात. जाण्याच्या आठवडाभर आधी नालबंदाकडून नाल बघून घ्या. अगदी आदल्या दिवशी नाल ठोकू नका, खिळा चुकीचा बसला तर कळायला वेळ हवा. धनुर्वाताची लस झालेली हवी. ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या, कारण तो रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि भाड्याच्या घोड्यांचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नसतो. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन त्या दोन रात्री फोन कोण उचलेल हे नावानिशी ठरवा. घोडी वारंवार कुशीकडे वळून बघते, पाय खरडते, लोळते, खात नाही, लीद टाकत नाही, असं दिसलं की चंदी-वैरण काढून घ्यायची आणि तत्काळ फोन. वाट बघायची नाही. कोणी कितीही सांगितलं तरी तेल-काढा नळीनं घशात ओतायचा नाही. तो फुप्फुसात जातो.

आता मुलीबद्दल. तुम्ही लिहिता, ती गप्प झाली आहे, आईच्या नकारानं नाराज असावी. असेलही. पण भाऊ, तुम्ही तिला विचारलंत का? जी मुलगी रोज घोडीला खरारा करते तिचा हात त्या पाठीवरून रोज फिरतो. तिला तुमच्याहून आधी काही जाणवलं असेल. कदाचित तिला ३० किलोमीटर नकोच असतील. कदाचित बाबांचा उत्साह मोडेल म्हणून ती बोलत नसेल, आणि आईचं बरोबर आहे असं म्हटलं तर आपण कोणाच्या बाजूच्या ठरू, या धास्तीत असेल. तबेल्यात जा, दोघं मिळून खरारा करा आणि तिला विचारा, ‘तुला जंगलात नेमकं काय हवंय?’ विचारून झाल्यावर गप्प बसा. ती म्हणेल तिथून बेत पुन्हा मांडा. तुम्ही तारीख पुढे ढकलल्यानं वचन मोडत नाही. ‘का’ ते न सांगता ढकललीत तर मात्र तिला तसं वाटेल.

तिला एक वही द्या. रोज घोडीची नाडी मोजू दे: जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं दोन बोटं ठेवली की शीर लागते. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४. फेरी संपल्यावर लगेच आणि मग अर्ध्या तासानं पुन्हा मोजायची. अर्ध्या तासात ती ६० च्या खाली आली नाही तर त्या दिवसाचं अंतर जास्त झालं. हे आकडे जमत गेले की डिसेंबरची मजल किती, ते तीच तुम्हाला सांगेल.

आणि वहिनींना बोलवा. जंगलात लगेच नाही. पहिली रात्र तबेल्याच्याच आवारात करा. वर दोर बांधा, घोडी त्याला उभी, बाजूला तंबू, चौघांच्या दोन-दोन तासांच्या पाळ्या. दुसरी रात्र ओळखीच्या शेतावर. वहिनींनी यावं, बघावं, आणि त्यांना जे खटकेल ते वहीत लिहावं. त्यांना खरोखर बिबट्याचीच भीती वाटत असेल तर तीही अशा रात्री बोलून दाखवता येते. आणि दोन रात्रींनंतरही त्या नको म्हणाल्या तर त्यांचं कारण तेव्हा तुमच्यासमोर स्पष्ट असेल, आज तुम्ही ते तर्कानं भरून काढता आहात.

देवास, उज्जैन, धारकडूनही अशाच बेतांची विचारणा अधूनमधून येते, म्हणून एक सांगून ठेवते. स्वतःचं जनावर नसेल तर लग्नसराईत वरातीला जाणारी घोडी भाड्यानं घेऊन जंगलात जाऊ नका. ती बँडला आणि दिव्यांना सरावलेली असतात, पाचोळ्यातल्या सळसळीला नाही. हंगामात रात्र रात्र उभी राहून त्यांची पाठ-पाय थकलेले असतात. भाड्याचाच घोडा घ्यायचा तर त्याचा रोजचा मोतद्दार सोबत हवा, त्याची मजुरी आणि जेवण धरून. तबेलेवाले मोतद्दार द्यायला तयार नसतील तर घोडाही घेऊ नये. भाऊ, हे तुमच्या उरलेल्या दोन घोड्यांनाही लागू आहे. तबेलेवाल्यांशी पहिलं बोलणं याच मुद्द्यावर करा.

तबेल्यातली पहिली रात्र झाली की मला कळवा. दोर किती उंचीवर बांधला, कोणाच्या पाळीत काय झालं, आणि मुलीच्या वहीतले पहिल्या आठवड्याचे आकडे, एवढं लिहा. त्यावरून पुढच्या दोन महिन्यांची चाल ठरवता येईल.